चल रे भोपळ्या, इंग्रजीतून: पहिलीच्या मुलांना आधी उच्चार शिकवावेत की आधी ठेका?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. मी अकोले तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. आपल्या राज्यात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. म्हणजे माझ्या वर्गातल्या बऱ्याच पोरांचे आईवडीलही पहिलीपासून इंग्रजी शिकलेले आहेत. तरी घरात अख्खं इंग्रजी वाक्य कुणाच्या कानावर पडत नाही. सुटे शब्द मात्र ढीगभर पडतात: चार्जर, रिचार्ज, टेम्पो, ट्रॅक्टर, सिझेरियन. शब्दांची कमतरता नाही, वाक्याची चाल कानात नाही.

आपल्याकडे उच्चार शिकवायचा म्हणजे एकेक आवाज धरून दुरुस्त करायचा असं चालतं. 'वेरी नाही, व्हेरी म्हण', 'दाताखाली ओठ घे'. याची वेळ येते, पण ती नंतर. माझं म्हणणं, सुरुवात ठेक्यापासून करावी. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला सारखा मान देतो. 'मी उद्या बाजारात जाईन' म्हणताना सहसा एकही अक्षर गिळत नाही. इंग्रजीत अर्थाचे शब्द ठसठशीत येतात आणि मधले बारके शब्द चेपले जातात. टू, ऑफ, कॅन, द, अँड हे पुस्तकात दिसतात तसे बोलण्यात बहुतेक वेळा नसतात. पोराला ते नुसते म्हणता येत नाहीत एवढंच नाही, त्याला ते ऐकूच येत नाहीत. मोबाईलवर एखादं इंग्रजी वाक्य लावलं की पोरं म्हणतात, 'बाई, ते लई पटपट बोलतंय.' बोलणारा पटपट बोलत नसतो. चेपलेली अक्षरं पोरांच्या कानातून निसटतात.

म्हणून मी गोष्ट घेते, आणि तीही पोरांना आधीपासून पाठ असलेली. म्हातारी आणि भोपळ्याची. काय घडतंय ते सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे अर्थ समजावण्यात तास जात नाही आणि सगळं लक्ष आवाजाकडे राहतं. शिवाय त्या गोष्टीत पालुपद आहे, आणि तेच आपल्या कामाचं. सुरुवातीला गोष्ट मराठीत सांगते, फक्त पालुपद इंग्रजीत. ते मीच जुळवलंय. चांदण्यांमधल्या अक्षरावर टाळी:

*हूज* इन्*साइड*? आय *डोन्ट* *नो*!
*गो*, लिट्ल *पंप्*किन, *रोल* रोल *रोल*!

आणि वाघ भेटला की म्हातारी म्हणते:

आम *गो*इंग ट माय *डॉ*टर्ज, आल *कम* बॅक *फॅट*.
*देन* यु कन *ईट* मी, *थिंक* अव *दॅट*!

टू चं 'ट' झालंय, कॅनचं 'कन', ऑफचं 'अव'. हे आळशी उच्चार नव्हेत, बरोबर उच्चार हेच आहेत. यातला जो पुसट आवाज आहे तो आपल्या 'अ'च्या अगदी जवळचा. आपल्या पोरांच्या तोंडात तो जन्मापासून आहे, तो कुठे टाकायचा एवढंच सांगायचं. अँडचं तर 'अन्' होतं, त्यामुळे 'ब्रेड अन् बटर' पहिल्या फटक्यात बरोबर येतं.

यावर इथल्या शिक्षकांचे, पालकांचे आणि भाषेच्या अभ्यासकांचे अनुभव हवेत. विरोधी मत असेल तर तेही सविस्तर लिहा.

---

तिरकिट

धागा वाचला आणि हात आपोआप तबल्यावर गेला. मी पंढरपुरात लहान मुलांना तबला शिकवतो. ताई, तुमचं पालुपद सरळ केरवा तालात बसतंय. आठ मात्रा मोजा:

गो (१) लिट्ल (२) पंप् (३) किन (४) रोल (५) रोल (६) रोल (७), आठवी रिकामी.

आता म्हातारीची ओळ बघा. 'आम' आधीच्या आठव्या मात्रेवर उचलायचं. मग गो (१) इंग-ट-माय (२) डॉ (३) टर्ज-आल (४) कम (५) बॅक (६) फॅट (७). दुसऱ्या मात्रेत तीन अक्षरं आणि चौथ्या मात्रेत दोन, पण लय जराही ढळत नाही. आम्ही मुलांना हेच शिकवतो की मात्रा तेवढीच राहते, तिच्यात एक बोल बसव, दोन बसव, नाहीतर तीन बसव. तुम्ही 'चेपणं' म्हणता ते आमच्याकडे दुगुन आणि तिगुन. ज्या पोराने लेझीम खेळली आहे, दिंडीत टाळ धरला आहे, त्याला हे फळ्यावर समजावून सांगावं लागणार नाही.

एक सूचना. टाळी सोडू नका, पण टाळीबरोबर पायही घ्या. सम, म्हणजे पहिली मात्रा, पायात गेली की तोंड मागे राहत नाही. आणि पालुपदातली आठवी मात्रा रिकामी आहे ती रिकामीच राहू द्या. मुलं ती खातात आणि पुढची ओळ लवकर उचलतात, मग सगळ्या वर्गाची लय पळते. त्या जागी मांडीवर थाप मारायला सांगा.

---

मुळशीकर

चांगली चर्चा. मी पालक म्हणून विचारतो. मुलगी पुण्यात इंग्रजी माध्यमात सीनियर केजीला आहे. शाळेत फोनिक्स आहे, जॉली फोनिक्स म्हणून जे असतं ते, बेचाळीस आवाज वगैरे. ती 'स', 'ॲ', 'ट' असे आवाज जोडून शब्द वाचते. मग ठेका वेगळा शिकवायची गरज काय? की दोन्ही एकच?

---

ध्वनिवेडी

@मुळशीकर, दोन्ही वेगळं. फोनिक्स हा वाचनाचा रस्ता आहे, अक्षर दिसलं की कोणता आवाज काढायचा ते त्यात शिकवतात. इंग्रजीत सव्वीस अक्षरांवर चव्वेचाळीसच्या आसपास आवाजांचं ओझं आहे, त्यामुळे त्याची गरज आहेच. पण तुमच्या मुलीने 'बनाना' हा शब्द फोनिक्सने जोडून वाचला तर तिन्ही ठिकाणी 'ए' हेच अक्षर आहे, आणि बोलताना फक्त मधला ठसठशीत 'ना' ऐकू येतो, आधीचा आणि नंतरचा पुसट 'अ' होतो. हे अक्षरात दिसत नाही, कानालाच कळावं लागतं.

आता मूळ मुद्द्याकडे. माझा विषय भाषाशास्त्र, म्हणून जरा लांबण लावते.

इंग्रजी 'आघाताच्या तालावर', म्हणजे जोर दिलेल्या अक्षरांच्या तालावर, चालते आणि काही भाषा 'अक्षराच्या तालावर', ही मांडणी भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइकने १९४५ मध्ये केली. पुढे लोकांनी यंत्रावर मोजून पाहिलं तेव्हा दोन आघातांमधलं अंतर काही नेमकं सारखं निघालं नाही. म्हणजे इंग्रजी बोलणारा माणूस तिरकिट म्हणतात तसा मात्रेला मात्रा लावून बोलत नाही. कल मात्र खरा आहे, आणि कानाला तो जाणवतो. किती लवकर जाणवतो ते पाहा. १९९८ साली नाझी, बर्टोनसिनी आणि मेलर यांनी फ्रेंच घरांतल्या नवजात बाळांवर प्रयोग केला. आवाज असा गाळून ऐकवला की शब्द कळू नयेत, चाल तेवढी उरावी. बाळांना इंग्रजी आणि जपानी यांतला फरक कळला, इंग्रजी आणि डच यांतला कळला नाही. इंग्रजी आणि डचची चाल एका घराण्यातली, जपानीची वेगळी. जन्मल्यापासून काही दिवसांत माणूस भाषेची चाल वेगळी काढतो. त्यामुळे पाटीपेन्सिल ताईंनी सुरुवात ठेक्याने केली हे मला पूर्ण पटतं.

भारतीय संदर्भही आहे. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेत, म्हणजे आजच्या इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठात (इफ्लू), आर. के. बन्सल यांनी भारतीयांचं इंग्रजी परक्या श्रोत्याला कितपत कळतं याचा अभ्यास केला, तो १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. न कळण्यामागचं एक मोठं कारण निघालं शब्दात चुकीच्या जागी पडलेला आघात. 'हॉटेल' आपण पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हणतो, इंग्रजीत जोर 'टेल'वर. 'डेव्हलप'मध्ये आपला जोर 'डे'वर, तिकडे 'व्हे'वर. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या 'फो'वर, फोटोग्राफरमध्ये तो 'टॉ'वर सरकतो, फोटोग्राफिकमध्ये 'ग्रॅ'वर. हे नियम पाठ करून कुणाला येत नाहीत.

विरोधी बाजूही मांडते, कारण ती तितकीच गंभीर आहे. भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेनकिन्स यांनी २००० साली असं मांडलं की आज इंग्रजी बहुतेक वेळा अशा दोन माणसांत बोललं जातं ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही. मग लंडनच्या चालीची नक्कल कशासाठी? त्यांच्या मते स्वराची लांबी, शब्दाच्या सुरुवातीच्या प-ट-क मधली हवा आणि वाक्यातल्या मुख्य शब्दावरचा जोर असे मोजके मुद्दे सांभाळा. थिंकचं 'टिंक' झालं तरी चालेल, आणि 'कन', 'अव' असले चेपलेले उच्चार शिकवायची गरज नाही, ते उलट समजायला अडथळा होतात. नाशिकच्या पोराला उद्या कोचीच्या किंवा कोरियाच्या माणसाशी बोलायचं असेल तर त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

---

पाटीपेन्सिल

@तिरकिट, रिकाम्या मात्रेवर मांडीवर थाप ही सूचना उद्यापासून वापरते. 'इंग-ट-माय' मी नुसतंच कानाने बसवलं होतं, तुम्ही त्याचं गणित दाखवलंत.

@ध्वनिवेडी, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. जेनकिन्स यांचा मुद्दा बोलण्यापुरता मला मान्य आहे. माझ्या पोरांनी लंडनसारखं बोलावं ही माझी इच्छा नाही, त्यांनी अकोल्याच्या सुरातच बोलावं. पण कोचीच्या माणसाशी बोलण्याआधी हे पोर हजारो वाक्यं ऐकणार आहे, मोबाईलवर, सिनेमात, उद्या नोकरीच्या फोनवर. तिथे 'कन' येणारच. ज्याने तो स्वतः कधी म्हटला नाही त्याला तो ऐकू येत नाही, हे मी वर्गात रोज बघते. म्हणून म्हणायला लावते ते कानासाठी. पुढे मोठेपणी त्याने 'कॅन' स्पष्ट म्हटलं तर मी मुळीच अडवणार नाही.

---

नर्मदाकाठ

मी धडगाव भागात शिकवतो. ताई, पद्धत आवडली, पण एक अडचण मांडतो. आमच्या मुलांची घरची बोली पावरी. मराठीच त्यांची दुसरी भाषा. भोपळ्याची गोष्ट त्यांना आधीपासून पाठ नसते, ती मीच शाळेत सांगितलेली असते. म्हणजे 'अर्थ समजावण्यात वेळ जात नाही' हा तुमचा पायाच आमच्याकडे नाही. मराठीतून इंग्रजी शिकवलं की मुलाला दोन परक्या भाषा एकदम पेलाव्या लागतात.

मी काय करतो ते लिहितो. पाड्यावरच्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी ऐकतो. त्यांतही पालुपद असतंच, तोंडी गोष्टीला त्याशिवाय जमत नाही. मुलांना ती गोष्ट पावरीत एकमेकांना सांगायला लावतो आणि पालुपदाच्या जागी इंग्रजी ओळ टाकतो. मराठी मध्ये आणतच नाही. ढोलाचा ठेका मुलांच्या अंगात आहे, त्यामुळे चालीची अडचण नाही. ओळ जुळवताना मी अडखळतो. इंग्रजी ओळ ठेक्यात कशी बसवायची याची काही युक्ती असेल तर सांगा.

---

एडिसनची आई

मी न्यू जर्सीत राहते, इथल्या मराठी शाळेत रविवारी शिकवते. आमच्याकडे हाच प्रश्न बरोबर उलटा आहे, म्हणून लिहावंसं वाटलं.

आमची मुलं मराठी बोलतात ती इंग्रजीच्या चालीवर. 'बटाटा' म्हणताना मधल्या 'टा'वर जोर पडतो आणि पहिला-शेवटचा स्वर पुसट होतो, ऐकायला 'बटाट' येतं. 'ताट' आणि 'टाट' त्यांना सारखेच, कारण इंग्रजीत जिभेच्या त्या दोन जागा वेगळ्या नाहीत. 'पाणी' म्हणताना 'प'मधून हवा सुटते. आम्ही एकेक अक्षर घोटून पाहिलं तर मुलं कंटाळतात. भोंडल्याची गाणी फेर धरून म्हणायला लावली, प्रत्येक अक्षराला पाऊल टाकायचं, एकही अक्षर गाळायचं नाही, की आठवड्या-आठवड्याला फरक पडतो. 'ळ' मात्र गाण्याने येत नाही. त्यासाठी जीभ कुठे वळवायची ते आरशात दाखवावंच लागतं.

त्यामुळे माझं मत असं की ठेका चाल दुरुस्त करतो, काही आवाज मात्र हाताला धरूनच शिकवावे लागतात. तुमच्याकडे असे कोणते आवाज आहेत?

---

ध्वनिवेडी

@एडिसनची आई, फार उपयोगी प्रतिसाद. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या परीने देते.

आपल्या मुलांची बाजू बरीच भक्कम आहे. 'स्कूल'चं 'इस्कूल' उत्तरेकडे जितकं होतं तितकं मराठीत होत नाही, कारण स्नान, स्पष्ट, स्त्री आपण रोज म्हणतो. 'बॅट' आणि 'बेट', 'कॉट' आणि 'काट' हा फरक आपण लिहितोसुद्धा, मराठीने त्यासाठी ॲ आणि ऑ ही चिन्हं घेतली आहेत.

अडतं ते इथे. पहिलं, शिप आणि शीप. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाने बोलण्यात क्वचितच अर्थ बदलतो, शेवटचा इकार तर आपण दीर्घच म्हणतो, त्यामुळे कान त्या फरकाकडे दुर्लक्ष करायला शिकलेला असतो. जेनकिन्सही स्वराची लांबी आवश्यक मानतात, म्हणून इथे कष्ट घ्यावेतच. शीपला दोन्ही हात लांब ताणायचे, शिपला चुटकी वाजवायची. अंगाने केलं की लक्षात राहतं. दुसरं, व. इंग्रजीतले दोन आवाज आपण एकाच 'व'वर चालवतो. वुल्फ आणि वुमनसाठी ओठांचा चंबू, व्हॅनसाठी खालचा ओठ वरच्या दातांना. गोष्टीत लांडगा असला तर हे आपोआप निघतं. तिसरं, शब्दाच्या सुरुवातीचा प-ट-क. तोंडासमोर कागदाची पट्टी धरा. 'पाणी' म्हणताना ती जवळजवळ हलत नाही, इंग्रजी 'पंप्किन' म्हणताना उडाली पाहिजे. फक्त 'फंप्किन' होऊ देऊ नका, कारण आपल्याकडचा 'फ' बऱ्याच तोंडी ओठ-दातांचा झालाय.

---

गिरगावची_आजी

मी निवृत्त शिक्षिका. आमच्या काळी हे काही नव्हतं असं कुणी म्हणू नये म्हणून लिहिते. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेचा 'वुई लर्न इंग्लिश' हा कार्यक्रम आकाशवाणीवर शाळांसाठी लागायचा. रेडिओतला आवाज मुलांना विचारायचा आणि उत्तरासाठी जागा सोडायचा, सगळा वर्ग एका सुरात उत्तर द्यायचा. ज्या शिक्षकांना स्वतःच्या इंग्रजीची भीती वाटायची त्यांना त्याचा मोठा आधार होता. आज मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. शिक्षकाला आपला उच्चार कच्चा वाटत असेल तर ओळ चांगल्या आवाजातली लावावी आणि स्वतः मुलांबरोबर म्हणावी. शिक्षक म्हणतोय हे दिसलं पाहिजे. नुसता मोबाईल टेबलावर ठेवून वह्या तपासत बसलं तर मुलंही तोंड उघडत नाहीत.

आणि मुलीने एखादा आवाज चुकवला तर सगळ्यांसमोर थांबवू नका. पुढच्या फेरीत तुम्ही तोच शब्द नीट, जरा मोठ्याने म्हणा. ती ऐकते.

---

मुळशीकर

आजी, शेवटचं वाक्य घरीही लागू करतो. आणखी एक: भूतकाळाचं काय करता? मुलगी 'वॉकेड' म्हणते.

---

पाटीपेन्सिल

@मुळशीकर, गोष्टीत ते फार छान निघतं. म्हातारी चालली, भोपळा गडगडला, वाघ ओरडला. 'शी वॉक्ट अन् वॉक्ट अन् वॉक्ट', 'द पंप्किन रोल्ड', 'द टायगर शाउटिड'. त्या एका 'ईडी' शेपटीचे तिन्ही उच्चार, ट, ड आणि इड, एकाच गोष्टीत आले. मी हे शब्द फळ्यावर लिहीत नाही, निदान पहिलीत तरी नाही. डोळ्यांनी आधी पाहिलं की पोर 'वॉकेड' वाचतं आणि तेच तोंडात बसतं. कानात 'वॉक्ट' पक्कं झाल्यावर स्पेलिंग दाखवलं तर ते फक्त म्हणतं, 'असं लिहितात होय!' आणि पुढे जातं. तुमची मुलगी वाचू लागली आहे, म्हणून तिला वाचून दाखवण्याआधी गोष्ट नुसती सांगा. पुस्तक मिटलेलं ठेवा.

@नर्मदाकाठ, तुमचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. गोष्ट मुलाच्या बोलीतली हवी, मराठीतलीच असा माझा हट्ट नाही. तुम्ही करताय तेच बरोबर, मराठी मध्ये आणूच नका.

ओळ जुळवायची युक्ती विचारलीत. न्यूयॉर्कमध्ये परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या कॅरोलिन ग्रॅहम जॅझ पियानो वाजवायच्या. त्यांनी रोजच्या बोलण्यातली वाक्यं ठेक्यावर बसवून जॅझ चँट ही पद्धत रूढ केली, १९७० च्या दशकात. त्यांच्या पद्धतीत मला उपयोगी वाटलं ते हे की गाण्यासाठी वाक्य वाकवायचं नाही. माणूस जसं बोलतो तसंच म्हणायचं, फक्त ठेका उघडा करायचा. म्हणून मी आधी ओळ साधी बोलून बघते. मग तिच्यातले अर्थाचे शब्द शोधते, ज्यांच्याशिवाय ओळ कळणारच नाही असे. असे तीन-चार निघाले की त्यांवर टाळ्या. उरलेले शब्द टाळ्यांच्या मध्ये जमेल तसे बसतात. 'द', 'टू', 'माय' यांच्यावर टाळी पडू लागली तर समजायचं ओळ चुकली, शब्द बदलायचे. म्हणजे 'द गोट इज ऑन द हिल' मध्ये टाळ्या गोट आणि हिल, दोनच. बाकी सगळं मधे.

लांब ओळ अडली तर शेवटून बांधा. आधी 'दॅट', मग 'अव दॅट', मग 'थिंक अव दॅट'. पुढून बांधत गेलं की मुलं शेवटाला पोचेपर्यंत दमतात आणि ठेका मोडतो, शेवटून बांधलं की प्रत्येक वेळी ओळखीच्या जागी पोचतात.

तुमच्या पाड्यावरच्या गोष्टीतलं एखादं पालुपद इथे पावरीत लिहाल का, अर्थासकट? कोणता प्राणी, कोण काय म्हणतं, ढोल कुठे पडतो एवढं कळलं की आपण सगळे मिळून इंग्रजी ओळ जुळवू.

---

नर्मदाकाठ

लिहितो. शनिवारी पाड्यावर जायचंय, तिथल्या एका आजीकडून पुन्हा ऐकून, फोनवर रेकॉर्ड करून नीट उतरवतो. गोष्टीत कोंबडा आहे आणि तो प्रत्येक घरासमोर तेच म्हणतो. ढोल तिसऱ्या शब्दावर पडतो एवढं आत्ता आठवतंय.

---

तिरकिट

तिसऱ्या शब्दावर पडत असेल तर पहिले दोन शब्द उचल असणार, समेच्या आधीचे. इंग्रजी ओळही 'इन द' किंवा 'ॲट द' असल्या बारक्या शब्दांनी सुरू करा आणि सम 'हाउस'वर आणा. रेकॉर्डिंग आलं की मात्रा मी मोजून देतो.